शिळं पाणी आणि आमचे साडू

आमच्या साडूंनी आजवर एकही कप चहा बसून प्यायलेला नाही, आणि हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही, सव्वीस वर्षांच्या साडूपणाच्या अनुभवावरून सांगतो. सोफा दाखवा, खुर्ची पुढं करा, सतरंजी अंथरा. ते "बसतो की" म्हणतात आणि उभेच राहतात. उभेही एका जागी नाही. कपबशी हातात घेऊन ते आधी खिडकीपाशी जातात, मग कॅलेंडरची पानं उलटून पुढच्या महिन्यात काय काय आहे ते बघतात, मग स्वयंपाकघरात डोकावून गॅसची नळी कधी बदलली होती ते विचारतात, आणि शेवटचा घोट अंगणात उभ्यानं संपवून बशी कुठंतरी ठेवून देतात. ते गेल्यावर बशी शोधणं हा आमच्या घरातला एक रिवाजच झाला आहे. एकदा ती पाण्याच्या मीटरवर सापडली, एकदा माझ्या स्कूटरच्या सीटवर, आणि एक तर अजूनही सापडलेली नाही. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, माझी धाकटी. थोरलीला मी अक्का म्हणतो, त्या मला दाजी म्हणतात. मी धाराशिवात एका शाळेचा ग्रंथपाल, म्हणजे बसण्याचाच पगार घेणारा. आणि साडू जळकोटचे, हमरस्त्यालगत घर बांधून राहिलेले. रस्त्यावरून जाणारं प्रत्येक वाहन आपल्याला सोडून पुढं चाललंय, असं त्यांना घरात बसलं की वाटतं, असा माझा जुना संशय आहे.

त्यांनी चौतीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली. डॉक्टर वेगळे असत, हे त्यांच्या हाताखालचे. पण गावोगावची माणसं यांनाच डॉक्टर म्हणत, कारण डॉक्टर खुर्चीत सापडत आणि हे गोठ्यात. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी पिशव्या, पिशव्यांत बाटल्या, सुया, दोरखंड आणि कुणीतरी दिलेल्या काकड्या. गुरांशी इतकी वर्षं बोलल्यामुळं माणसांशी वेगळं बोलावं लागतं हे त्यांच्या ध्यानातच राहिलेलं नाही. माझ्या मुलीला एकदा ताप आला तेव्हा तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून, कानाला हात लावून, त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "वैरण खाती का?" बायको म्हणाली, "भाऊजी, कालपासून पेज घेतीय फक्त." त्यावर पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "काय न्हाय मग. खातंय ते जगतंय." मुलगी दुसऱ्या दिवशी बरी झाली. माझ्या सासऱ्यांना ते भेटायला गेले की नमस्कार करता करताच त्यांच्या गुडघ्याची सूज चाचपून घेत. कुणाला राग येत नसे, कारण राग यायच्या आत ते फाटकाबाहेर गेलेले असत.

त्यांच्या लग्नाची हकिकत अक्का सांगतात तेव्हा मी दरवेळी नव्यानं ऐकतो. मंगलाष्टकं चालू होती आणि मांडवामागं अक्कांच्या वडिलांचा बैल पोट फुगून आडवा झाला होता. ही बातमी कुणीतरी कुणाच्या तरी कानात सांगितली. ती नवऱ्या मुलाच्या कानापर्यंत यायला नको होती, पण गुराच्या दुखण्याची बातमी यांना वाऱ्यावरून कळते. तिसऱ्या आणि चौथ्या मंगलाष्टकाच्या मधे हातातली माळ शेजारी उभ्या असलेल्या स्वतःच्या मामांकडं देऊन नवरदेव मुंडावळ्यांसकट मागच्या बाजूला पळाले. भटजींचे डोळे मिटलेले, अक्कांची मान खाली. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला, आणि अक्कांनी मान न उचलता मामांच्या गळ्यात माळ घालायला हात वर केले. बायका ओरडल्या म्हणून निभावलं. नवरदेव आले तेव्हा धोतर-शेल्याला शेणाचा वास येत होता, पण बैल वाचला होता. सासऱ्यांनी त्याच दिवशी जाहीर केलं की असा जावई मिळायला नशीब लागतं. अक्का मात्र म्हणतात, "दाजी, मला तवाच कळलं हुतं, ह्या माणसाच्या म्होरं उभं ऱ्हायचं तर लई पळावं लागतंय."

आणि त्या पळाल्या. निवृत्तीनंतर तरी हे घरात टेकतील असा त्यांचा हिशोब होता, पण साडूंची नोकरी सुटली आणि सवय तशीच राहिली. पगार नसताना ते पूर्वीपेक्षा जास्त हिंडू लागले. मग एका उन्हाळ्यात, शेजारच्या वस्तीवर एका गाईच्या जखमेला टाके घालताना त्यांच्या छातीत कळ आली. त्यांनी आधी टाके पुरे केले, गाईच्या मालकाला चार दिवसांचं औषध समजावून सांगितलं, आणि मग स्वतःच मोटारसायकल चालवत घरी येऊन अक्कांना म्हणाले, "जरा ग्यास झालाय." तो गॅस नव्हता. सोलापूरला नेलं, हृदयाच्या नळीत जाळी बसवली, आणि तिथल्या डॉक्टरांनी घरी सोडताना निक्षून सांगितलं, "सहा महिने मोटारसायकल बंद. धावपळ बंद. आणि रोज एक तास एका जागी शांत बसायचं, काहीही न करता."

साडूंनी अतिशय प्रामाणिकपणे विचारलं, "काहीबी न करता म्हणजे काय करायचं?"

डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीकडं बोट दाखवलं. तिथं काचेच्या मोठ्या टाकीत रंगीत मासे फिरत होते. "हे बघत बसायचं. माझे निम्मे पेशंट माझ्या औषधानं बरे होतात, निम्मे यांना बघून." साडू टाकीपाशी गेले, वाकून बघितलं, आणि एका माशाच्या शेपटीला बुरशी लागली असल्याचं डॉक्टरांच्या नजरेस आणून दिलं.

त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात अक्कांनी मला गाठलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज करडा होता. "दाजी, ह्यो माणूस बसला तर ऱ्हाईल, न्हाईतर जाईल. डॉक्टरनी मला येगळं बोलवून सांगितलंय. म्या सांगून ऐकत न्हाईत. तुमाला बसायचं कळतंय. कायबी करा, पर त्यांना बसवा." माझ्या बसण्याचा कुणी असा आदरानं उल्लेख केल्याची ही पहिलीच वेळ. मी शब्द दिला. शाळेला उन्हाळ्याची सुटी होती, मी पिशवी भरून जळकोटला मुक्कामाला गेलो.

टाकी आणायला मीच त्यांच्यासोबत सोलापूरला गेलो. दुकानदार तरुण होता, पण माशांच्या बाबतीत मौलवीसारखा गंभीर. अडीच फुटी काचेची टाकी, खाली अंथरायला थर्माकोल, पांढरे-काळे खडे, हवेचे बुडबुडे सोडणारा पंप, पाणी गाळणारी डबी, वर दिवा, असं सगळं त्यानं काढून ठेवलं. साडू माशांच्या टाक्यांपुढून येरझारा घालत निवड करू लागले, तसा तो म्हणाला, "चाचा, मच्छी आज नई मिलती. पैले घर जाके पानी भरो, पंप चालू रखो, और तीन हप्ते पानी को पुराना होने देव. नवे पानी में मच्छी टिकती नई." साडूंना वाटलं तो गंमत करतोय. "पाणी पुराना?" "हां चाचा. पुराना पानीच उनकी दवा है. बाद में भी सगळा पानी कबी बदलने का नई. चौथा हिस्सा निकालो, दो दिन ड्रम में रखेला पानी डालो. बस." मराठी-हिंदी-दखनीची ही भेळ साडूंना शब्दन्‌शब्द कळली होती. पुढं जे झालं ते न कळल्यामुळं झालं नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

टाकी घरी आली. येताना जीपमधे मी ती मांडीवर धरली होती, आणि साडू मागं वळून वळून तिला "हळू गं" म्हणत होते. मेजाला ओळंबा लावून झाला, पाणी भरलेली आडवी बाटली ठेवून सपाटी बघून झाली, खडे अक्कांच्या सुपात घालून सात पाण्यांनी धुऊन झाले. पाणी भरलं, पंप सुरू झाला, बुडबुडे वर यायला लागले. आणि मग काहीच करायचं उरलं नाही. तीन आठवडे नुसतं पाणी पिकू द्यायचं होतं. साडूंच्या आयुष्यात एवढा कठीण काळ आला नसेल. पहिल्या दिवशी त्यांनी मला अकरा वेळा विचारलं, "पाव्हणं, पिकलं असंल का?" गावात बातमी गेली होती, त्यामुळं रोज संध्याकाळी दहा-पंधरा माणसं मासे बघायला येत. टाकीत नुसतं पाणी. "मासं कुठं हायत?" "यायचेत." "कवा?" "पाणी पिकल्यावर." माणसं मान डोलावत, चहा घेत आणि थोडा वेळ त्या पाण्याकडंच बघून जात. एक म्हातारे तर रोज येऊ लागले. त्यांना पाणीच आवडलं होतं. साडू मात्र दोन मिनिटं बसत, उठून पंपाची नळी सरळ करत, पुन्हा बसत, उठून दिव्याची वायर तपासत. मी घड्याळ लावून त्यांना खुर्चीत बसवत असे, पण ते खुर्चीच्या कडेला असे टेकत की बसले म्हणणंही खोटं ठरावं आणि उभे म्हणणंही.

बाविसाव्या दिवशी मासे आले. आठ. साडूंनी त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीतून टाकीत सोडता सोडता गुरांच्या जाती ठरवून टाकल्या. तीन तांबड्या गोल्डफिश म्हणजे 'लाल कंधारी', काळे-पांढरे ठिपकेवाले दोन म्हणजे 'देवणी', दोन काळ्या मॉली म्हणजे अर्थात म्हशी. आठवा मासा दुकानदारानं काच साफ ठेवायला दिला होता, काळपट, खडबडीत, तोंडानं काचेला चिकटून एका जागी तासन्‌तास बसणारा. साडूंना तो पहिल्या मिनिटापासून पटला नाही. "ह्ये आजारी हाय," ते म्हणाले. मी म्हणालो, "साडूभाऊ, त्याची जातच तशी आहे, तो बसूनच असतो." "बसून कोण ऱ्हातंय? काय तरी झालंय हेला." आणि त्यांनी पेन्सिलीनं त्याला डिवचून दोन इंच सरकवलं. तो पुन्हा चिकटला. हा खेळ रोज चाले. मला तो मासा फार आवडायचा.

रोज संध्याकाळी पाच ते सहा हा बसण्याचा तास ठरला. अक्कांनी रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं होतं. पहिल्या आठवड्यात असं दिसलं की मासे बघितल्यावर साडूंचा रक्तदाब वाढतो. डॉक्टरांना फोन केला तर तेही चकित झाले. कारण साधं होतं, आणि साडूंनी ते स्वतःच सांगितलं. "पाव्हणं, म्हस दुखणं आलं की हंबरती. शेळी वरडती. कोंबडीसुदिक पंख टाकून बसती. हेंचं काय? त्वांड उगडत्यात, मिटत्यात, आन् आवाज न्हाय. काय दुकतंय, काय खुपतंय, कसं कळावं मानसाला?" त्यांना तो एक तास म्हणजे आठ मुक्या रोग्यांची तपासणी वाटत होती. प्रत्येकाचे कल्ले, प्रत्येकाची शेपटी, कोण खातंय, कोण कोपऱ्यात गेलंय; बघता बघता ते उठत, टाकीला चारी बाजूंनी फेऱ्या घालत, काचेवर टिचकी मारत. दिवसा लाइट जायची ती वेगळीच. पंप बंद पडला की माशांना हवा मिळणार नाही म्हणून ते पेल्यानं टाकीतलं पाणी उचलून उंचावरून परत टाकीत सोडत, गरम चहा निववतात तसं. दोन-दोन तास, उभ्यानं. मी म्हणायचो, "मला द्या, मी करतो." ते म्हणायचे, "तुमी हळू करता, त्येंचा जीव जाईल." अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून माझ्याकडं बघत. मी दिलेल्या शब्दाचं काय झालं, हे मला त्यांच्या नजरेत दिसायचं.

आणि मग मासे आल्यानंतरचा पहिला पाण्याचा दिवस आला. आमच्या मुलखात नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यानं येतं, कधी दहा दिवसांनी. ते यायच्या आदल्या दिवसापर्यंत आम्ही तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला आणि तोंड धुतलेलं पाणी फरशीला, असं थेंब थेंब पुरवत असतो. पण नळानं सूं केलं रे केलं की घरात उरलेलं सगळं पाणी त्याच क्षणी 'शिळं' होतं. कालपर्यंत जिवापाड जपलेलं पाणी ओतायचं, भांडी लख्ख घासायची, आणि ताजं भरायचं. दुष्काळी मुलखातली ही एवढी एकच चैन, ती आम्ही कुणाच्या सांगण्यावरून सोडणार नाही. त्या दिवशी सकाळी सातला गल्लीत "पाणी आलंऽऽ" अशी आरोळी झाली आणि साडूंच्या अंगात जी वीज आली ती मासे आल्यापासून मी पाहिली नव्हती. रांजण उपडा झाला, ड्रम उपडा झाला, हंडे, कळशा, बादल्या, सगळं शिळं पाणी अंगणातल्या सीताफळाच्या बुडाशी गेलं. अक्का घासत होत्या, साडू पाइप धरून होते, आणि मी बादल्या वाहत होतो. मला त्यांना अडवायचं होतं खरं, पण इतका आनंदी माणूस अडवावा कसा? तेवढ्यात साडू म्हणाले, "पाव्हणं, हेंचंबी उरकून घेऊ. समद्या घराला ताजं आन् जित्राबाला शिळं, हे बरं दिसतंय व्हय?"

दुकानदार त्यांना आठवत नव्हता का? आठवत होता, मलाही आठवत होता. पण नळ चालू असताना हात पुढं आणि डोकं मागं असतं. मासे टाकीतल्याच थोड्या पाण्यात, एका बादलीत काढले. टाकी रिकामी केली. खडे चोळून धुतले. काच नारळाच्या शेंडीनं घासली. मग पाइप सोडला. पाण्याला ब्लिचिंग पावडरीचा वास येत होता, आम्हाला तो स्वच्छतेचा वाटला. सात मासे चहाच्या गाळणीनं उचलून टाकीत सोडले. आठवा बादलीच्या बुडाला असा चिकटला होता की निघेना. साडू वैतागून म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्येला, मागनं बगू." टाकी अशी चकाकत होती की शेजारच्या बायका बघायला आल्या. मी, ग्रंथपाल माणूस, ओल्या पायजम्यानं उभा राहून त्यांना सांगत होतो की स्वच्छता माशांना फार आवडते.

बारा वाजायच्या सुमाराला सातही मासे पाण्याच्या वरच्या थरात आले. तोंडं वर काढून आ करू लागले. साडूंच्या हे लगेच ध्यानात आलं. श्वास कोंडलेलं जनावर त्यांना ओळखायला वेळ लागत नाही, मुकं असलं तरी. त्यांनी पेल्यानं हवा द्यायला सुरुवात केली, मी दुकानदाराला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पुराना पानी बचा है क्या थोडा? उसमें डालो जल्दी." मी घरभर बघितलं. रांजणात ताजं, ड्रममधे ताजं, कळशीत ताजं, पेल्यात ताजं. शिळं पाणी फक्त त्या बादलीच्या बुडाशी होतं, चार बोटं, आणि त्यात तो आठवा मासा चिकटून बसला होता. साडूंनी एकेक मासा उचलून त्या चार बोटं पाण्यात सोडला. बादली अंगणातून घरात, घरातून ओसरीवर, वारं लागावं म्हणून पुन्हा अंगणात. दुपारी तीनपर्यंत लाल कंधारी गेल्या. मग देवणी. शेवटची म्हैस त्यांच्या तळहातावर गेली.

साडू बादलीशेजारी जमिनीवर बसले. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून, पूर्ण बसले. सव्वीस वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पहिल्यांदा पाहत होतो. "चौतीस वर्सं," ते म्हणाले, "गोठ्यात मेलेली लई बगितली. पर म्या मारलेलं एकबी नव्हतं. मुकी जित्राबं त्वांड वर करून सांगत हुती, आन् म्या पाणी भरल्याच्या खुशीत." अक्का बाहेर आल्या, त्यांनी नवऱ्याला बसलेलं पाहिलं, आणि त्यांच्या हातातलं भांडं पडलं. धावत जाऊन त्यांनी जिभेखाली ठेवायची गोळी आणली. "आवं, काय हुतंय? छातीत हुतंय का?" साडू म्हणाले, "मला काय झालं न्हाय. बसलोय नुसता." अक्का रडत ओरडल्या, "त्येच इचारते मी, बसलाव कशापायी?"

मला हसू आलं, ते लपवायला मी खाली वाकलो. बादलीत तो आठवा मासा तसाच चिकटून होता, जिवंत.

त्यानंतर साडू जे शिकले ते त्यांनी गुरांच्या इमानानं पाळलं. अंगणात एक वेगळा ड्रम आला, त्यावर खडूनं 'शिळं' असं लिहिलं. पाण्याच्या दिवशी गल्लीतल्या बायका आपापलं उरलेलं पाणी ओतून न देता त्यांच्याकडं आणू लागल्या. "डॉक्टर, माशाला शिळं आणलंय" म्हणत एकेक कळशी त्या ड्रमात रिकामी होई. नवे मासे आले, या वेळी पाच आठवड्यांनी, कुणी न सांगता. टाकीतलं चौथा हिस्सा पाणी काढायचं, तेवढंच घालायचं, बाकी हात लावायचा नाही. हात लावायचा नाही म्हणजे काय करायचं, हा प्रश्न त्यांनी पुन्हा कुणाला विचारला नाही. ते बसू लागले. पाच ते सहा. मग पाच ते सात. मग सकाळचाही एक तास. रक्तदाब उतरला, डॉक्टरांनी पाठ थोपटली, सहा महिने झाल्यावर मोटारसायकलची परवानगीही दिली. मी शाळेत परतलो होतो. फोनवर अक्कांना विचारायचो, "कसे आहेत?" त्या म्हणायच्या, "बसलेत." मी समाधानानं फोन ठेवायचो. दिलेला शब्द पाळल्याचं सुख मला आयुष्यात फार वेळा मिळालेलं नाही.

परवा रविवारी बायकोला घेऊन जळकोटला गेलो. साडू टाकीपुढं होते. आम्हाला बघून हसले, खुर्च्या दाखवल्या. चहा आला, तो त्यांनी खुर्चीतच घेतला आणि बशी कपाखाली नीट ठेवली. मी असतानाच वस्तीवरून फोन आला, कुणाची तरी म्हैस अडली होती. साडूंनी ऐकून घेतलं, नव्या डॉक्टरांचा नंबर दिला आणि फोन ठेवला. "दुसरा मानूस हाय आता," ते म्हणाले, आणि पुन्हा माशांकडं बघू लागले. पूर्वी अशा फोनचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांच्या मोटारसायकलचा आवाज हमरस्त्याला लागलेला असायचा.

स्वयंपाकघरात अक्का माझ्याशी बोलायला थांबल्या होत्या. आवाज अगदी हळू. "दाजी, एक बोलू का? मी बसा बसा म्हणून जलमभर कावले. आता बसलेत. डॉक्टर म्हनतो झ्याक हाय. खरं हाय त्येचं, जीव वाचला, देवाचं लई झालं. पर घर खायला उठतंय बगा. सकाळी उठले की मी पाण्याचा पाइप वाजवते मुद्दाम. तरीबी येत न्हाईत." मग त्यांनी खिळ्यावरची मोटारसायकलची किल्ली काढली आणि बाजाराची पिशवी माझ्या हातात दिली. "तुमी बसवलं, आता तुमीच उठवा. मुरुमच्या बाजाराला न्या. म्हशी बगा, बैलं बगा, कायबी बगा."

मी बाहेर गेलो. म्हणालो, "साडूभाऊ, चला, मुरुमला जाऊन येऊ. आज बाजार आहे. गाडी काढा."

"जाऊ की," ते म्हणाले. चिमटीनं खाणं घेऊन त्यांनी पाण्यावर सोडलं. "हेंचं एवढं खाणं हुऊ द्या."

मी शेजारच्या खुर्चीवर टेकलो. मासे वर आले, खाणं टिपू लागले. पाण्यावर एक कण उरला नाही तरी साडू उठले नाहीत, आणि चला म्हणायला माझीही जीभ उचलेना. आम्ही दोघं बघत राहिलो. मागं दारात अक्का किल्ली हातात घेऊन उभ्या होत्या, आणि बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या.